एक रुपयाचा संगणक

बँकेच्या जमाखर्चात संगणकाचे आयुष्य तीन वर्षांचे असते. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे त्याच्यावर दरवर्षी ३३.३३ टक्के घसारा काढायचा. तिसऱ्या वर्षाअखेर त्याची पुस्तकी किंमत जवळपास शून्यावर येते. जवळपास म्हणायचे कारण असे, की यंत्र अजून टेबलावर आहे याचा विसर पडू नये म्हणून वहीत त्याच्या नावापुढे एक रुपया शिल्लक ठेवण्याची पद्धत आहे. टेबल, खुर्ची, तिजोरी ही मंडळी वर्षानुवर्षे मानाने जगतात. संगणक मात्र चौथ्या वर्षी एक रुपयाचा होऊन बसतो. पुढे आणखी दोन-चार वर्षे तो कुरकुरत चालतो आणि एक दिवस नवी यंत्रे येतात. मग जुन्यांचे करायचे काय, असा प्रश्न उभा राहतो. भंगारात काढायचे तर कागदपत्रे फार आणि पैसे थोडे. अशा वेळी कुणाला तरी सुचते, "एखाद्या शाळेला देऊन टाकू या की!"

अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रसंग नवा नाही. आणि बँकांनाच कशाला नावे ठेवा? विमा कंपन्या, कारखाने, सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांच्या गोदामांतून हीच वाट निघते. देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे मी मुळीच म्हणणार नाही. छोटासा समारंभ होतो, नारळ फुटतो, मुली स्वागतगीत म्हणतात, पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ मिळते. दुसऱ्या दिवशी जिल्हा पानावर छायाचित्र येते आणि खाली ओळ असते, ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी ज्ञानाची कवाडे खुली. ती कवाडे पुढे किती दिवस खुली राहिली, याची बातमी मात्र सहसा कुठे येत नाही.

निवृत्तीनंतर कथाकथनाच्या निमित्ताने मी बऱ्याच शाळा पाहिल्या. तीन-चार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पायथ्याला एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. पाचवीपर्यंतची, दोन शिक्षकांची शाळा, पट २८. व्हरांड्यात हल्ली सगळीकडे असतात तशा 'बोलक्या भिंती' रंगवलेल्या होत्या: पाढे, ऋतू, महाराष्ट्राचा नकाशा आणि एका भिंतीवर भला मोठा संगणक. मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस. प्रत्येकाकडे एक बाण आणि बाणाच्या टोकाला नाव. पाचवीतल्या एका मुलीने ते सगळे भाग मला न चुकता म्हणून दाखवले, नद्यांची नावे म्हणतात त्याच चालीवर. खरा संगणक पाहिलास का, असे विचारल्यावर तिने ऑफिसच्या खोलीकडे मान वळवली. "आहेत ना. चादरीखाली."

होतेच. तीन यंत्रे, वर जुनी फुलाफुलांची चादर, कडेला एका बँकेची मालमत्ता क्रमांकाची चिकटपट्टी. माझी बँक नव्हे, दुसरीच. माऊस आणि कीबोर्ड कपाटात कुलूप लावून ठेवलेले. मुख्याध्यापक पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. वापरत का नाही, असे मी विचारल्यावर ते जरा हसले आणि म्हणाले, "साहेब, वापरला तर बिल येतं. बिघडला तर चौकशी येते. झाकून ठेवला तर काहीच येत नाही."

मग त्यांनी मला हिशेब सांगितला, आणि हिशेब म्हटल्यावर माझे कान टवकारले जाणारच. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचे अनुदान १० हजार रुपये. त्यातला दहावा हिस्सा तरी स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्यात खडू, नोंदवह्या, किरकोळ दुरुस्त्या, पाण्याची टाकी, राष्ट्रीय सणांचा खर्च आणि विजेचे बिल. तेही पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात पडतील याची खात्री नाही. थकबाकीपोटी जिल्हा परिषद शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपल्याकडे इतक्या वेळा येऊन गेल्या आहेत, की आता त्या कुणी पूर्ण वाचतही नाही. अशा जमाखर्चात एका संगणकाची बॅटरी बदलायची म्हटली तर खडूच्या किती पेट्या कमी होतील, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरी भानगड नोंदवहीची. शाळेच्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. बोलताना सगळे तिला डेडस्टॉक म्हणतात. मुख्याध्यापकाची बदली झाली की ती वही उघडून एकेक वस्तू मोजून चार्ज द्यायचा. वस्तू कमी भरली तर जबाबदार तो. मोडकी वस्तू वहीतून काढायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला जायचा आणि तिथून मंजुरी यायची. म्हणजे पाहा, बँकेच्या वहीत जे यंत्र एक रुपयाचे होते, ते या वहीत आल्यावर एकदम अमूल्य झाले. माणूस मेल्यावर त्याची किंमत कळते म्हणतात, तसे काहीसे. दरवर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी चादर झटकली जाते, यंत्रे पुसली जातात आणि पुन्हा झाकली जातात. बंद आहेत की चालू, हे खुद्द मुख्याध्यापकांनाही नक्की सांगता आले नाही. पण तीनच्या तीन आहेत, एवढे ते छातीठोकपणे सांगू शकत होते. चार्ज देण्यासाठी तेवढे पुरेसे असते.

या गृहस्थांना निष्क्रिय म्हणायला मी तयार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्यांदा कुलूपच विकत आणले असते. नियमांची घडी ज्या पद्धतीने बसली आहे, तीत यंत्र न वापरणे हाच शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या शाळांत संगणक आणायची पहिली मोठी सरकारी योजना १९८४-८५ मध्ये सुरू झाली. तिचे नाव 'क्लास'. बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश बनावटीचे यंत्र त्यासाठी निवडले होते. आजच्या साध्या मोबाइलच्या मानानेही फारच कमी, ३२ किलोबाइट स्मृती त्याच्यात असे. सुमारे २५० माध्यमिक शाळांपासून प्रारंभ झाला, पुढे शाळा वाढल्या, आठव्या पंचवार्षिक योजनेत तिला केंद्रपुरस्कृत दर्जा मिळाला. डिसेंबर २००४ मध्ये 'आयसीटी ॲट स्कूल' आली: शाळेला दहा संगणक, कंत्राटदाराने उभारायचे, पाच वर्षे चालवायचे आणि मग शाळेच्या स्वाधीन करायचे. पाच वर्षांनी यंत्रे शाळेची झाली, तोवर ती म्हातारी झाली होती. आणि ज्याला ती चालवता येत होती तो कंत्राटी शिक्षक मुदत संपल्याने घरी गेला होता. या संगणक शिक्षकांच्या आंदोलनांच्या बातम्या महाराष्ट्रात अनेक वर्षे येत राहिल्या.

योगायोग असा, की १९८४ हेच साल बँकांच्या यांत्रिकीकरणाचेही आहे. त्या वर्षी डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८३ मध्ये, बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला होता. मी तेव्हा नोकरीत नवाच होतो. संगणक आला म्हणजे नोकऱ्या गेल्या, अशी भीती वातावरणात होती. दारावर सभा होत, घोषणा होत. त्या सगळ्या भांडणातून एक गोष्ट मात्र चांगली झाली. यंत्र कुठे बसणार, कोण चालवणार, त्याला वेगळा भत्ता किती, प्रशिक्षण कोण देणार, या प्रत्येक गोष्टीवर आधी बोलणे झाले आणि ते कागदावर आले.

आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचे यंत्र आले तेव्हा त्याच्यासाठी वेगळी खोली झाली, वातानुकूलन आले (व्यवस्थापकांच्या केबिनमध्येसुद्धा तेव्हा नुसता पंखा होता), वीज गेली तर चालू राहावे म्हणून बॅटऱ्या आल्या, आणि वार्षिक देखभालीचा करार झाला. फोन केला की दुसऱ्या दिवशी टाय लावलेला एक पोरगा बॅग घेऊन हजर होई. आमच्याकडे एक ज्येष्ठ कारकून होते, अत्यंत सुवाच्य अक्षर, आयुष्यात खाडाखोड केलेली नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी यंत्रात अशा काही नोंदी केल्या, की एका किराणा दुकानदाराच्या खात्यात साखर कारखान्याची रक्कम जाऊन बसली. काहीही अनर्थ झाला नाही. कारण कित्येक महिने प्रत्येक नोंद यंत्रातही होत होती आणि जुन्या जाडजूड लेजरमध्येही होत होती. संध्याकाळी दोन्ही ताडून पाहायची. पन्नाशीच्या त्या गृहस्थांना चुका करायची पूर्ण मुभा होती आणि त्या चुकांचा खर्च बँकेने आधीच धरून ठेवला होता. वर्षभरात ते इतके तरबेज झाले, की आम्ही तरुण मंडळी त्यांना विचारायला जायचो.

त्याच देशात, त्याच दशकात, शाळेला यंत्र दिले गेले ते मात्र नुसते खोके. खोली नाही, बॅटरी नाही, चुकीची तरतूद नाही. बँकेतल्या पैशांपुढे शाळेतले पोर आपल्याला कमी जोखमीचे वाटले असणार.

खोके दिले की काम झाले, ही समजूत केवळ आपल्या सरकारची नाही. मोठमोठ्या बुद्धिमान माणसांना तिने भुरळ घातली आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीत कालकाजी येथे एनआयआयटीच्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून सुगत मित्र यांनी एक संगणक बाहेरच्या झोपडवस्तीच्या बाजूला बसवला. शिक्षक नाही, सूचना नाहीत. मुले जमली, खटपट करून शिकली, आणि 'भिंतीतले भोक' जगभर गाजले. २०१३ मध्ये मित्र यांना दहा लाख डॉलरचा टेड पुरस्कार मिळाला. मुले आपापली शिकतात, हे खरेच आहे. पण २००० मध्ये दिल्ली सरकारच्या साहाय्याने अशी केंद्रे उभी राहिली, त्यांच्याविषयी कॅलिफोर्नियाचे अभ्यासक मार्क वॉरशॉअर यांनी लिहिले ते जरा वेगळे होते. इंटरनेट बहुधा बंद, हिंदीत काही नाही, आणि मुलांचा सगळा वेळ चित्रे रंगवण्यात आणि खेळ खेळण्यात जाणारा. खेळायला माझी हरकत नाही. पण भिंतीतल्या भोकापाशी श्रीमंताची मुले उभी राहिलेली मी कुठे वाचली नाहीत. त्यांना खोली, खुर्ची आणि बाई मिळतात.

जानेवारी २००५ मध्ये दावोसला निकोलस निग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. प्रत्येक मुलाला एक, हिरवा-पांढरा, काटक, उन्हातही दिसणारा. २००६ मध्ये आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने त्याला नकार दिला, त्याच्या शैक्षणिक उपयोगाविषयीच शंका घेतली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत काही मुलांच्या हाती ते यंत्र पडले. भारतातला तो पहिला प्रयोग. शंभर डॉलरची किंमत प्रत्यक्षात दुप्पट झाली. पेरू देशाने लाखोंनी ते विकत घेतले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ ग्रामीण शाळा तपासल्या, तेव्हा गणितात आणि भाषेत फरक पडल्याचे काही दिसले नाही. सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, एवढेच. आपल्याकडचा 'आकाश' टॅबलेट ५ ऑक्टोबर २०११ रोजी मोठ्या थाटात अवतरला; तो कुठे गेला हे आता शोधायला लागेल.

तर मग श्रीमंताच्या मुलाला नेमके काय मिळते? पुण्यात आमच्या इमारतीत एक नऊ वर्षांचा मुलगा आहे. शाळा मोठी, शुल्क विचारण्याची सोय नाही. हा मुलगा एकदा माझ्याकडे आला तो त्याने केलेले मांजर दाखवायला. स्क्रॅच नावाच्या, मुलांसाठी केलेल्या आज्ञाप्रणालीत त्याने एक मांजर पडद्यावर चालवले होते; ते भिंतीवर आपटले की 'आई गं' म्हणे. आवाज त्याच्या आजीचा. मी कौतुक केले, आणि काही दिवसांपूर्वी शाळेत काय झाले ते त्याने सहज सांगितले: कीबोर्डवर सरबत सांडले. पुढे काय झाले, मी विचारले. तो गोंधळला. पुढे काय व्हायचे? प्रयोगशाळेतल्या दादांनी दुसरा आणून दिला.

त्या दोन वाक्यांत सगळा फरक आला. पालक शुल्क भरतात त्यात यंत्राची किंमत थोडी असते. बाकी पैसा जातो तो त्या दादांसाठी, सांडलेल्या सरबतासाठी, दर तीन-चार वर्षांनी बदलण्यासाठी, वेगवान जोडणीसाठी, आणि विचारलेल्या प्रश्नाला 'मला माहीत नाही, आपण शोधू' असे सांगू शकणाऱ्या बाईंसाठी. घरी गेल्यावर आणखी एक यंत्र आहेच, आणि ते अडले तर सोडवणारे आईवडीलही आहेत. या मुलाला संगणकाचे भाग विचारले तर त्याला बहुधा सांगता येणार नाहीत. वाडीवरच्या मुलीला ते तोंडपाठ आहेत.

ती मुलगी संगणकाला हात लावणार केव्हा? बहुतेक अठराव्या वर्षी. तालुक्याच्या एसटी स्टँडजवळ एमएस-सीआयटीचे केंद्र असते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलने हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांत पोचवला आणि त्याने लाखो मुलामुलींना पहिल्यांदा कीबोर्डवर बसवले, हे त्याचे श्रेय कुणी नाकारू नये. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र लागते म्हणून बाप शेळी विकून शुल्क भरतो, अशी उदाहरणे मी कर्जविभागात असताना ऐकली आहेत. पण नऊ वर्षांच्या वयात मांजर चालवणे आणि अठराव्या वर्षी प्रमाणपत्रासाठी टंकलेखन करणे, यांच्यामधली नऊ वर्षे कोणत्या कर्जाने भरून काढायची?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे अंतर एकाएकी सगळ्यांना दिसू लागले. त्याआधीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने २०१७-१८ मध्ये सांगून ठेवले होते, की संगणक असलेली घरे शहरांत २३.४ टक्के आहेत आणि खेड्यांत ४.४ टक्के. तो आकडा तेव्हा कोणी मनावर घेतला नाही. शाळा ऑनलाइन झाल्या म्हणजे काय झाल्या? घरात एक मोबाइल, तो वडिलांचा, वडील सकाळी आठला कामावर. दोन भावंडांचे तास एकाच वेळी असतील तर मोबाइल कुणाच्या हातात जाणार, हेही प्रत्येक घराने ठरवून टाकले होते. बहुतेक घरांत ते फार विचार न करताच ठरले.

सोलापूरच्या नीलमनगर भागात कामगारांची वस्ती आहे. तिथल्या आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी पाहिले, की आपल्या मुलांपैकी पुष्कळांकडे मोबाइलच नाही. त्यांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंती मागून घेतल्या आणि अडीच-तीनशे भिंतींवर पहिली ते दहावीचे पाठ रंगवून काढले. मूल आपल्या इयत्तेची भिंत शोधत गल्लीत जाई आणि समोर उभे राहून वहीत उतरवून घेई. पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. या शिक्षकांना माझा नमस्कार आहे. पण जगातले सर्वांत मोठे सॉफ्टवेअर निर्यातदार म्हणवणाऱ्या देशात, शतक एकविसावे चालू असताना, चुन्याच्या भिंतीवर यावे लागले, हे वाचताना घशात काही अडकते.

त्यानंतर मोबाइल मात्र घरोघर पोचला. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे ५७ टक्क्यांनी सांगितले, समाजमाध्यमे पाहिली असे ७६ टक्क्यांनी. चालवता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के, मुली २६.९ टक्के. काही मंडळी हे आकडे दाखवून म्हणतात, झाले की, संगणकाचा प्रश्न मिटला. फोन म्हणजे छोटा संगणकच. मला हे पटत नाही. फोनवर माणूस मुख्यतः घेतो. पाहतो, ऐकतो, बोटाने वर सरकवतो. काही करायचे, चार पाने लिहायची, कोष्टक मांडायचे, मांजर चालवायचे, तर मोठा पडदा आणि दोन हात लागतात. मी स्वतः गेल्या दोन कादंबऱ्या संगणकावर मराठीत टंकित केल्या. फोनवर एक प्रकरणही लिहून झाले नसते.

यावर शहरातून एक वेगळाच सूर अलीकडे ऐकू येतो. मुलांना पडद्यापासून दूर ठेवा. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांचे अधिकारी आपली मुले लॉस अल्टोसच्या अशा शाळेत घालतात जिथे वर्गात संगणकच नाही, हे न्यूयॉर्क टाइम्सने २०११ मध्येच छापले होते. स्वीडनने २०२३ मध्ये वर्गात पुन्हा छापील पुस्तके आणायला पैसे काढले. आपल्याकडेही महागड्या शाळांच्या माहितीपत्रकांत आता माती, सुतारकाम आणि शेती दिसू लागली आहे. त्यात तथ्य आहे. लहान वयात पडद्याचा अतिरेक वाईटच. पण गरिबाच्या मुलाला ते ऐकवण्यापूर्वी जरा थांबावे. उपास करायला आधी घरात धान्य असावे लागते. ज्याच्या घरात तीन संगणक आहेत त्याने एक बंद ठेवला तर तो संयम. ज्याने कधी पाहिलाच नाही त्याच्यापुढे त्या संयमाची महती गाण्यात काय अर्थ?

शिवाय सरकारचे पाऊल उलट दिशेला आहे. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती शिकवायची, असे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केले. शासनाचीच यूडायस आकडेवारी २०२४-२५ साठी सांगते, की देशातल्या १४.७१ लाख शाळांपैकी संगणकाची सोय ६४.७ टक्के शाळांत आणि इंटरनेट ६३.५ टक्के शाळांत आहे. म्हणजे पाच लाखांहून अधिक शाळांत संगणकच नाही, आणि एक लाखाहून अधिक शाळांत शिक्षकच एकटा आहे. उरलेल्या शाळांच्या 'सोयी'त फुलाफुलांच्या चादरीखालची ती तीन यंत्रेही मोजली गेली असणार. कृत्रिम बुद्धिमत्तेचीही एखादी भिंत रंगवली जाईल आणि पाचवीतली मुलगी तिचेही भाग म्हणून दाखवील.

हे होऊच शकत नाही, असे म्हणायला जागा नाही, कारण केरळने ते केले आहे. २००१ च्या सुमारास तिथे आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. शाळांची यंत्रे, त्यांची देखभाल आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हे सारे काम एका घराखाली. मुक्त आज्ञाप्रणाली वापरल्याने परवान्याचे पैसे वाचले आणि मल्याळममध्ये काम करता आले. यंत्रे घेतानाच पाच वर्षांची हमी घेतली, बिघडल्याची तक्रार कुठे करायची ते ठरवले. मुलांची 'लिटल काइट्स' नावाची मंडळे २०१८ मध्ये निघाली. यंत्र कसे उघडावे, कसे जोडावे हे त्यांत मुलांनाच शिकवतात. यंत्र उघडायची परवानगी! आमच्या डेडस्टॉकच्या वहीला हे ऐकून घेरी येईल.

महाराष्ट्राला केरळ व्हायला वेळ लागेल. तोवर किरकोळ स्वरूपात काय करता येते, ते माझ्या एका सहकारीमित्राने करून पाहिले. तोही निवृत्त, मीही निवृत्त. पण मी कादंबऱ्या लिहीत बसतो आणि तो घरात बसून बायकोला त्रास देत होता. लेजर पोस्टिंग यंत्रापासून कोअर बँकिंगपर्यंत सगळी स्थित्यंतरे याने पाहिलेली. आठवड्यातून दोन दिवस तो जवळच्या एका नगरपालिका शाळेत जाऊ लागला. तिथेही दान आलेली पाच यंत्रे होती, तीन चालू निघाली. त्याने मुख्याध्यापिकाबाईंकडे दोनच गोष्टी मागितल्या. एक, कपाटाची किल्ली. दुसरी, दरमहा पाचशे रुपये तो स्वतः आणि आमचे तीन-चार जुने सहकारी देतील, ते देखभालीच्या नावाने वेगळे ठेवायचे. माऊस, वायर, बॅटरी जे मोडेल ते त्यातून, कुणाला न विचारता.

बाईंनी किल्ली दिली, पण नोंदवहीची भीती त्यांनाही होतीच. सहा महिन्यांत पहिला माऊस गेला. निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागणार, त्यात कारण काय लिहायचे म्हणून त्या अडून बसल्या. हाताळणीत निष्काळजीपणा लिहिले तर चौकशी, नैसर्गिक आपत्ती लिहिले तर खोटे. माझ्या मित्राने आयुष्यभर शेरे लिहिण्यातच घालवले आहे. त्याने बाईंकडून पेन घेतले, शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'मुलांनी वापरून झिजला' असे लिहिले आणि सही करायला वही त्यांच्यापुढे सरकवली.